छप्पर सर्वांचे, परवाना एकाचा : निवासी संकुलातील हौशी रेडिओचे अँटेना आणि कायदा

बंगळुरूतील एखाद्या बहुमजली संकुलात राहणाऱ्या हौशी रेडिओ परवानाधारकाजवळ केंद्र शासनाने दिलेला परवाना असतो. त्यात त्याचे संकेतनाम, वापरावयाच्या कंप्रता आणि प्रक्षेपणाची कमाल शक्ती ठरवून दिलेली असते. संच घरात ठेवण्याचा आणि जगाशी संपर्क साधण्याचा अधिकार त्याला या परवान्याने मिळतो. परंतु संपर्क साधण्यासाठी जो अँटेना उभारावा लागतो, तो उभारण्याची जागा, म्हणजे इमारतीची गच्ची, त्याच्या एकट्याच्या मालकीची नसते. ती संकुलातील सर्व सदनिकाधारकांची सामाईक मालमत्ता असते. तिचा वापर कसा व्हावा हे ठरविणारा कायदा राज्याचा, तिच्यावरील बांधकामाची उंची ठरविणारे नियम पुन्हा केंद्राचे आणि रोजचा निर्णय मात्र संकुलाच्या संघटनेच्या कार्यकारिणीचा. एका तारेच्या तुकड्यावर इतक्या कायद्यांची सावली पडावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी अतिशयोक्तीची वाटेल. तथापि केंद्र-राज्य अधिकारविभागणी, मालमत्तेचा हक्क आणि सहजीवनाचे करार हे तीन विषय प्रत्यक्ष व्यवहारात कसे एकमेकांत गुंततात, हे समजून घेण्यास याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच सापडेल.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीनुसार हौशी सेवा म्हणजे स्वयंशिक्षण, परस्परसंपर्क व तांत्रिक संशोधन यांसाठी, कोणताही आर्थिक हेतू न ठेवता, अधिकृत व्यक्तींनी चालविलेली रेडिओ सेवा होय. या सेवेतील व्यक्तीला जगभर ‘हॅम’ म्हणून ओळखले जाते. भारतीय हॅमचे संकेतनाम ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९मध्ये ब्रिटिश शासनाने नवे परवाने देणे थांबविले आणि हौशी प्रक्षेपकांना आपले संच पोलिसांकडे जमा करण्यास फर्माविले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४२च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात, मुंबईतून उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. प्रक्षेपक यंत्राबद्दल शासनसंस्थेला वाटणारी सावधगिरी किती जुनी आहे, याची कल्पना यावरून यावी. आजच्या परवानापद्धतीतही तिचे अवशेष दिसतात.

बंगळुरूचे या क्षेत्रातील स्थान वेगळे आहे. दूरसंचार, विमाननिर्मिती व अवकाशसंशोधन या क्षेत्रांतील संस्थांमुळे येथे तंत्रज्ञांचा मोठा वर्ग तयार झाला आणि त्यातून हौशी रेडिओची परंपरा रुजली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या बंगळुरू येथील उपग्रह केंद्रात घडविलेला ‘हॅमसॅट’ हा ४२.५ किलोग्रॅम वजनाचा लघुउपग्रह ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ या प्रक्षेपकाने ‘कार्टोसॅट-१’ समवेत अवकाशात सोडण्यात आला. त्यावरील दोन प्रक्षेपग्राहकांपैकी एक भारतीय बनावटीचा, तर दुसरा एका डच हौशी तंत्रज्ञाने तयार केलेला होता. २०१४च्या जुलैमध्ये त्याचे कार्य संपुष्टात येईपर्यंत जगभरातील हॅम त्याचा उपयोग करीत होते. उपग्रह बंगळुरूने घडवावा आणि त्याच्याशी बोलण्यासाठी लागणारा हातभर अँटेना बंगळुरूतीलच एखाद्या गच्चीवर लावण्यास मनाई व्हावी, हा विरोधाभास या विषयाच्या मुळाशी आहे.

आपत्तीच्या वेळी या छंदाचे सार्वजनिक मूल्य प्रकट होते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे होता. अंदमान-निकोबारमध्ये अनेक वर्षांनंतर हौशी प्रक्षेपणास परवानगी मिळाली होती. नेहमीची संपर्कसाधने कोलमडल्यावर या चमूने मुख्य भूमीशी संदेशवहन सुरू ठेवले. २००१च्या भूज भूकंपात आणि २०१८च्या केरळमधील महापुरातही हॅमनी असेच काम केले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, आपत्तीनंतर अँटेना उभारण्यास वेळ नसतो. जे केंद्र आधीपासून घरी चालू स्थितीत असते, तेच कामास येते. म्हणून घराच्या छपरावरील अँटेनाचा प्रश्न केवळ छंदाचा राहत नाही.

तारेची लांबी आणि भूखंडाचा कर्ण

कायद्याकडे वळण्यापूर्वी थोडे भूमितीकडे वळणे आवश्यक आहे, कारण वादाचे मूळ तेथे आहे. अँटेनाची लांबी हौसेवर नव्हे, तर तरंगलांबीवर अवलंबून असते. साध्या अर्धतरंग द्विध्रुव अँटेनाची मीटरमधील लांबी काढण्यासाठी १४२.५ या संख्येस मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागतात. १४५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे शहरांतर्गत संपर्काच्या पट्ट्यासाठी ही लांबी जेमतेम एक मीटर येते. असा अँटेना सज्जातही मावतो. ७.१ मेगाहर्ट्झसाठी मात्र ती सुमारे २० मीटर होते. शेकडो किलोमीटरवरील आपद्ग्रस्त भागाशी दिवसा संपर्क साधण्यास नेमका हाच पट्टा उपयोगी पडतो.

बंगळुरूत निवासी भूखंडाचे प्रचलित माप ३० बाय ४० फूट हे आहे. या भूखंडाचा कर्ण ५० फूट, म्हणजे सुमारे १५.२ मीटर भरतो. २० मीटरची तार त्यावर सरळ ताणणे अशक्य आहे. ४० बाय ६० फुटांच्या भूखंडाचा कर्ण सुमारे २२ मीटर असल्याने तेथे ती कशीबशी बसते. लहान भूखंडावरील उपाय म्हणजे तार मध्यभागी उचलून दोन्ही टोके खाली आणणे, म्हणजेच उलट्या ‘व्ही’ आकाराचा अँटेना. शिरोकोन ९० अंशांचा ठेवल्यास दोन टोकांमधील अंतर सुमारे १४.२ मीटर राहते आणि तार भूखंडात बसते. परंतु त्यासाठी मधला खांब टोकांच्या पातळीपेक्षा सुमारे सात मीटर उंच करावा लागतो. सारांश, जागा जितकी अरुंद, तितका खांब उंच. आणि खांब जितका उंच, तितके अधिक कायदे लागू. स्वतंत्र घरांच्या जुन्या वसाहतींत हा प्रश्न मालक आणि महापालिका यांच्यापुरता राहत असे. गेल्या दोन-तीन दशकांत शहर संकुलांकडे वळले आणि प्रश्नात शेकडो भागीदार आले.

बिनतारी कायदा काय देतो आणि काय देत नाही?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ३१व्या नोंदीनुसार टपाल, तार, दूरध्वनी, बिनतारी व प्रक्षेपण हे विषय केंद्राकडे आहेत. १८८५च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ४ने तारयंत्रे स्थापन करण्याचा एकाधिकार केंद्र शासनास दिला आणि परवाना देण्याची शक्तीही त्यालाच दिली. १९३३च्या भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियमाने परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते बाळगणेही निषिद्ध ठरविले. विनापरवाना प्रक्षेपक बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. या दोन कायद्यांच्या आधारे १९७८ साली हौशी सेवेचे स्वतंत्र नियम करण्यात आले. या नियमांखाली परीक्षा घेतली जाते व परवाना दिला जातो. नंतरच्या सुधारणांनी परवान्याच्या ‘निर्बंधित’ आणि ‘सर्वसाधारण’ अशा दोन श्रेणी ठेवल्या आणि किमान वय १२ वर्षे केले. निर्बंधित श्रेणीस ५० वॅट, तर सर्वसाधारण श्रेणीस ४०० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. परवाना देण्याचे काम दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे आहे.

दूरसंचार अधिनियम, २०२३ यास राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबर २०२३ रोजी मिळाली आणि त्याची काही कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. १८८५ व १९३३च्या कायद्यांची जागा टप्प्याटप्प्याने घेणे हा त्याचा हेतू आहे. जुन्या परवान्यांबाबत त्याच्या कलम ३मधील तरतूद विद्यार्थ्यांनी नीट वाचावी अशी आहे. निश्चित मुदतीचे परवाने मुदत संपेपर्यंत चालू राहतात, तर ज्यांची मुदत निश्चित नाही ते नियत दिवसापासून पाच वर्षे टिकतात. दोन्ही बाबतींत नव्या व्यवस्थेत जाण्याचा पर्याय आहे.

या सर्व कायद्यांत एक मौन समान आहे. परवानाधारकास अँटेना उभारण्यासाठी दुसऱ्याच्या किंवा सामाईक जागेवर हक्क देणारी तरतूद त्यांत नाही. नव्या अधिनियमातील मार्गाधिकाराच्या तरतुदी आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकार नियम दूरसंचार जाळे उभारणाऱ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले आहेत. केबल टाकणे, खांब रोवणे, मनोरा बांधणे ही त्यांची भाषा आहे. छंद म्हणून एक तार ताणू पाहणारा नागरिक त्यांच्या कल्पनेत दिसत नाही.

येथे एक घटनात्मक युक्तिवाद संभवतो. बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली असा निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून माहिती मिळविण्याचा व पोहोचविण्याचा अधिकार अनुच्छेद १९(१)(क)मध्ये अंतर्भूत आहे. मग अँटेना हा त्या अधिकाराचा भाग का नसावा? युक्तिवाद आकर्षक आहे. पण तो फार दूर जात नाही. मूलभूत अधिकार प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध असतो. निवासी संकुलाची संघटना ही सामान्यतः राज्यसंस्था ठरत नाही. शिवाय शेजाऱ्यांचाही गच्चीवर मालमत्तेचा हक्क असतोच.

गच्ची कोणाची?

जमीन व तिच्यावरील हक्क हा राज्यसूचीच्या १८व्या नोंदीचा विषय असून स्थानिक शासन ५व्या आणि सहकारी संस्था ३२व्या नोंदीत येतात. मालमत्तेचे हस्तांतरण व करार हे मात्र समवर्ती सूचीच्या ६व्या आणि ७व्या नोंदीत आहेत. सदनिकेचा व्यवहार या सगळ्यांच्या संगमावर उभा असतो.

कर्नाटकात १९७२च्या सदनिका मालकी अधिनियमाने या व्यवहाराचा पाया घातला. तो महाराष्ट्राच्या १९७०च्या अधिनियमाशी पुष्कळसा मिळताजुळता आहे. मालकांनी घोषणापत्र नोंदवून आपली इमारत या कायद्याखाली आणावयाची असते. त्यानंतर प्रत्येक मालकास सदनिकेची मालकी आणि सामाईक क्षेत्रात अविभाजित हिस्सा मिळतो. घोषणापत्रात वेगळे काही नमूद नसेल, तर पाया, खांब, मुख्य भिंती, जिने यांच्याबरोबर छप्परही सामाईक क्षेत्रात मोडते. प्रत्येक मालकास सामाईक क्षेत्राचा त्याच्या हेतूनुसार वापर करता येतो; अट एवढीच की, इतरांच्या कायदेशीर हक्कांस अडथळा होऊ नये.

हौशी रेडिओधारक या तरतुदीकडे बोट दाखवितो आणि म्हणतो की, माझाही हिस्सा आहे. कार्यकारिणी त्याच कायद्याच्या कलम ८कडे बोट दाखविते. इमारतीच्या मजबुतीस किंवा सुरक्षिततेस बाध येईल, तिचे मूल्य घटेल, असे काम अथवा एखादी भरीव स्वरूपाची नवी रचना इतर सर्व मालकांच्या एकमुखी संमतीशिवाय करता येत नाही, असा या कलमाचा आशय आहे. दोनशे सदनिकांच्या संकुलात एकमुखी संमती म्हणजे व्यवहारतः नकारच. म्हणून सारा वाद एका शब्दावर येऊन ठेपतो. अँटेना ही ‘भरीव रचना’ आहे काय? काँक्रीटच्या पायावर उभारलेला, तणावतारांनी बांधलेला दहा मीटरचा लोखंडी मनोरा तशी आहे, हे मान्य करण्यास अडचण नसावी. परंतु पाण्याच्या टाकीच्या कठड्याला पट्टीने आवळलेली काठी आणि तिच्यावरून गेलेली बोटाहूनही बारीक तार यांनाच नवा मजला चढविण्याच्या पंक्तीस बसविणे हे कायद्याच्या हेतूशी विसंगत वाटते. त्याच गच्चीवर दूरचित्रवाणीच्या बशा, सौर जलतापक आणि इंटरनेट कंपन्यांच्या केबली एकमुखी ठरावाविना नांदत असतात, ही वस्तुस्थितीही विसरता येत नाही.

कायद्याच्या मजकुरापेक्षा उपविधींचे महत्त्व व्यवहारात अधिक असते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सहकारी संस्थेचे उपविधी हे सभासदांमधील कराराप्रमाणे बंधनकारक असतात, ही भूमिका मान्य केली. ते प्रकरण सभासदत्वावरील निर्बंधाचे होते, अँटेनाचे नव्हे; तरीही तत्त्व येथे लागू पडते. ज्याने संकुलात घर घेताना उपविधी मान्य केले, त्याला नंतर ते नाकारता येत नाहीत. म्हणून ‘इमारतीच्या बाह्य भागावर कोणतेही उपकरण बसवू नये’ अशा एका ओळीने तांत्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळविलेला परवाना निष्प्रभ होऊ शकतो.

गुंता आणखी वाढतो तो संघटनेच्या नोंदणीमुळे. बंगळुरूतील काही संघटना १९७२च्या अधिनियमाखाली, काही १९६०च्या कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियमाखाली, तर काही १९५९च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली स्थापन झाल्या. नोंदणीवर तक्रारीचा मार्ग अवलंबून असतो. सहकारी संस्थेतील वाद १९५९च्या अधिनियमाच्या कलम ७०नुसार निबंधकाकडे नेता येतो; इतरांना बहुधा दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. महाराष्ट्रात १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१नुसार सहकार न्यायालय आहे. तेथील बहुसंख्य सदनिकाधारक सहकारी गृहनिर्माण संस्थांचे सभासद असल्याने मार्ग तरी निश्चित असतो. मात्र मार्ग असणे आणि अँटेनाच्या खर्चाच्या प्रमाणात तो परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आणखी एक उपप्रश्न शेवटच्या मजल्याचा. काही विकासकांनी गच्चीचा हक्क वरच्या सदनिकेच्या खरेदीदारास वेगळा मोबदला घेऊन विकला. स्थावर संपदा अधिनियम, २०१६च्या कलम २(ढ)ने, म्हणजे इंग्रजी मजकुरातील ‘एन’ खंडाने, सामाईक क्षेत्राच्या व्याख्येत गच्च्यांचा स्पष्ट समावेश केला. तेव्हापासून नव्या प्रकल्पांत असा हक्क विकण्याला आधार उरलेला नाही. भाडेकरूची स्थिती याहून नाजूक आहे; त्याला आधी घरमालकाची संमती आणि मग संघटनेची, अशा दोन दारांतून जावे लागते.

उंचीची मर्यादा : विमानतळांचे शहर

बंगळुरूत उंचीचा प्रश्न विशेष तीव्र आहे. देवनहळ्ळीचा केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ मे २००८मध्ये सुरू झाला आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या जुन्या विमानतळावरून नियमित प्रवासी उड्डाणे थांबली. त्यामुळे तेथील उंचीचे निर्बंधही संपले, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे, कारण धावपट्टी वापरात राहिली. याशिवाय येलहंका येथे हवाई दलाचा तळ आहे आणि जक्कूर येथे विमानोड्डाण प्रशिक्षणाची धावपट्टी आहे. एका धावपट्टीच्या परिघातून सुटलेली वसाहत दुसरीच्या परिघात सापडावी, अशी या शहराची रचना आहे.

विमानवाहतूक हा संघसूचीच्या २९व्या नोंदीचा विषय आहे. विमानांच्या सुरक्षिततेसाठी उंचीवर निर्बंध घालणारे नियम केंद्राने २०१५मध्ये अधिसूचित केले. ते १९३४च्या विमान अधिनियमाखालील होते. त्या अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ने घेतली. या व्यवस्थेत विमानतळांभोवतीच्या क्षेत्राचे रंगसंकेत नकाशे तयार केले जातात. नकाशातील चौकटीत दिलेल्या उंचीपर्यंत स्थानिक संस्था परवानगी देऊ शकते, त्यापुढे विमानतळ प्राधिकरणाचे किंवा संबंधित धावपट्टीच्या नियंत्रकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ही उंची जमिनीपासून नव्हे, तर समुद्रसपाटीपासून मोजतात. सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूत या भेदाकडे दुर्लक्ष केल्यास हिशेब पूर्णतः चुकतो.

हौशी रेडिओधारकांच्या दृष्टीने निर्णायक बाब इमारतीला पूर्वीच मिळालेल्या प्रमाणपत्रात दडलेली असते. प्राधिकरणाच्या अशा प्रमाणपत्रात सर्वसाधारणपणे ही अट असते की, रेडिओ वा दूरचित्रवाणीचा अँटेना, तडितरक्षक, जिन्याचे डोके, पाण्याची टाकी यांपैकी काहीही मंजूर उंचीच्या वर जाता कामा नये. विकासकाने मंजूर उंचीचा शेवटचा मीटरही मजल्यांत वापरून टाकला असेल, तर वर अँटेनासाठी कायदेशीर आकाश शिल्लकच राहत नाही. तेथे संघटनेने आनंदाने संमती दिली तरी तिचा उपयोग नाही. उलट, मंजूर उंचीच्या खाली काही मीटर मोकळे असतील, तर परवानाधारकाच्या हाती तो सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. वाद सुरू करण्यापूर्वी हे प्रमाणपत्र मागवून वाचणे शहाणपणाचे.

स्थानिक परवानग्यांबाबत एक बदल ध्यानात ठेवावा. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी २०२५मध्ये ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच महानगरपालिका अशी रचना अस्तित्वात आली.

मोबाइल मनोरा नव्हे

शेजाऱ्यांचा विरोध बहुधा कायद्याच्या कलमातून नव्हे, तर किरणोत्सर्गाच्या भीतीतून उगम पावतो. गच्चीवर काही उभे राहिले की तो मोबाइल मनोराच, असे गृहीत धरले जाते. या दोहोंतील फरक मूलभूत आहे. मोबाइल मनोरा अहोरात्र प्रक्षेपण करतो, त्यापासून भाडे मिळते आणि तो व्यापारी वापर ठरतो. हौशी केंद्र केवळ बोलण्याच्या वेळी प्रक्षेपण करते, उरलेला वेळ ऐकते आणि आर्थिक लाभ घेण्यास त्याला मनाई असते. मोबाइल मनोऱ्यांसाठी दूरसंचार विभागाने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट आहे. ही मर्यादा मोबाइल मनोऱ्यांची आहे. तथापि याचा अर्थ हौशी अँटेना कोठेही लावावा असा नाही. ४०० वॅट शक्तीची तार लोकांच्या हाताशी असणे धोक्याचेच आहे. प्रक्षेपण सुरू असताना तिला स्पर्श झाल्यास त्वचा भाजू शकते. गच्चीवर मुले खेळत असतील तर तारेची टोके डोक्याच्या बरीच वर ठेवणे हा किमान शिष्टाचार आहे.

शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणी संचात व्यत्यय येणे ही दुसरी नेहमीची तक्रार. येथे अधिकार संघटनेचा नाही. व्यत्ययाची तपासणी करण्यासाठी दूरसंचार विभागाची बिनतारी संनियंत्रण यंत्रणा आहे. दोष प्रक्षेपकाचा की निकृष्ट ग्राहकसंचाचा, हे मोजमापाने ठरते. सभेतील मतदानाने नव्हे.

शेजाऱ्यांच्या ज्या हरकती खऱ्या अर्थाने वजनदार आहेत, त्या वाऱ्याच्या आणि विजेच्या. भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागानुसार बंगळुरूसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३३ मीटर धरतात. पुण्यासाठी ३९ आणि मुंबईसाठी ४४. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तोच खांब मुंबईच्या गच्चीवर बंगळुरूच्या सुमारे पावणेदोन पट दाब सोसतो. म्हणजे बंगळुरूत टिकलेली रचना मुंबईत तशीच उभारणे धाडसाचे ठरेल. दुसरा धोका रस्त्याकडेच्या ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी या वाहिन्या व इमारत यांत किमान १.२ मीटर आडवे अंतर राखण्यास सांगितले आहे. खांब कोसळला तरी तो वा त्याची तार वाहिनीपर्यंत पोहोचणार नाही, इतके अंतर ठेवणे हाच येथे सुरक्षित हिशेब होय. धातूचा खांब इमारतीच्या तडितरक्षक यंत्रणेशी जोडलेला असणेही आवश्यक आहे. हे तिन्ही मुद्दे संरचना अभियंत्याच्या एका प्रमाणपत्राने आणि विम्याने निकालात निघू शकतात. संमती मागताना अर्जासोबत हे कागद जोडले, तर नकाराची कारणे उघड होतात आणि ती न्यायालयात तपासता येतात.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत हाच संघर्ष चार दशकांपासून चालू आहे. तेथील संघीय दळणवळण आयोगाने सप्टेंबर १९८५मध्ये ‘पीआरबी-१’ या नावाने ओळखला जाणारा आदेश काढला. स्थानिक शासनांनी हौशी संपर्काला वाजवी सवलत दिली पाहिजे आणि आपला कायदेशीर हेतू साधण्यापुरतेच कमीत कमी निर्बंध घातले पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. संघीय हितासाठी स्थानिक नियमांना मर्यादित प्रमाणात बाजूला सारणारे हे सूत्र नंतर आयोगाच्या नियमांतही समाविष्ट झाले. परंतु ते केवळ शासनसंस्थांना लागू आहे. घरमालकांच्या खासगी संघटनांनी करारांद्वारे घातलेल्या बंदीला ते स्पर्श करीत नाही. गंमत अशी की, १९९६च्या दूरसंचार कायद्यानंतर आयोगाने एक मीटरपर्यंतच्या दूरचित्रवाणी बशांना अशा खासगी बंदीपासूनही संरक्षण दिले. करमणूक पाहणाऱ्यास जे मिळाले, ते आपत्तीत संदेश पोहोचविणाऱ्यास मिळाले नाही. ही उणीव दूर करू पाहणारे हौशी रेडिओ समानता विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१६मध्ये आणि पुन्हा २०१७मध्ये संमत केले; दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडले. घरमालकांच्या संघटनांचा कराराच्या पावित्र्याचा मुद्दा तेथेही प्रभावी ठरला.

भारतात पहिला टप्पाही अद्याप आलेला नाही. अमेरिकेचे सूत्र जसेच्या तसे उचलता येणार नाही, कारण येथे मोठा अडथळा महापालिका नसून सामाईक गच्ची आहे. त्यामुळे उपाय बहुधा दोन ठिकाणी शोधावा लागेल. केंद्राच्या पातळीवर, नव्या दूरसंचार अधिनियमाखालील नियमांत परवानाधारकाच्या लहान अँटेनास ‘वाजवी सवलत’ देण्याचे तत्त्व नमूद करता येईल. मालमत्तेचा हक्क राज्याच्या कायद्याने नियंत्रित होत असल्याने त्याची सक्ती करणे मात्र वादग्रस्त ठरेल. राज्याच्या पातळीवर मार्ग अधिक सरळ आहे. सदनिका कायद्यात किंवा नमुना उपविधींत ठरावीक उंचीपेक्षा कमी, इमारतीत छिद्र न पाडता बसविलेली आणि काढून घेता येण्याजोगी रचना ही ‘भरीव रचना’ मानू नये, एवढे स्पष्टीकरण पुरेल. तिच्यासाठी एकमुखी संमतीऐवजी साध्या बहुमताचा ठराव, अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि नुकसानभरपाईची हमी या अटी ठेवता येतील.

तोपर्यंत बंगळुरूतील परवानाधारक आपापल्या परीने तडजोडी करतात. कोणी सज्जाच्या कठड्यामागे आखूड अँटेना लपवितो, कोणी रात्री तार सोडून पहाटे गुंडाळून ठेवतो, तर कोणी मोटारीवर संच बसवून शहराबाहेरच्या टेकडीवर जातो. आखूड अँटेनाची कार्यक्षमता ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर झपाट्याने घसरते आणि प्रक्षेपकाची बरीचशी शक्ती उष्णतेत वाया जाते.